हृदयाची लय आणि पेशींतील वीज

( नभोवाणीवरील भाषण )

तीन मजले चढून आलेला गृहस्थ दारांत क्षणभर थांबतो, छातीवर हात ठेवतो आणि मग आंत येतो. घडीभरापूर्वीं त्याची नाडी मिनिटाला ७० होती. आतां ती १४० झालेली असते. घरांतल्या माणसांना त्याचें नवल वाटत नाहीं आणि त्या गृहस्थालाहि वाटत नाहीं. दोन घोट पाणी पिऊन तो वर्तमानपत्र हातांत घेतो. तथापि जिन्यावरच्या त्या मिनिटभरांत त्याच्या हृदयाच्या प्रत्येक पेशीनें एक हिशेब बिनबोभाट पुरा केलेला असतो. आणि तो हिशेब चुकला असता, तर गृहस्थ दारापर्यंत सुखरूप पोंचलाच असता, असें खात्रीनें सांगतां आलें नसतें.

हा हिशेब विजेचा आहे. हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यांत पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. ठोक्याचा पहिला इशारा तेथें उमटतो आणि विजेची लहर तेथून साऱ्या हृदयभर पसरते. लहर पोंचली कीं पेशी आंखडते. लहर ओसरली कीं सैल पडते. विसाव्याच्या वेळीं पेशीचें अंतरंग बाहेरच्या मानानें सुमारें ८५ ते ९० मिलिव्होल्ट ऋण असतें. इशारा मिळतांच सोडियमचे विद्युत्भारित कण आंत घुसतात आणि एक-दोन सहस्रांश सेकंदांत तें अंतरंग धन होतें. येथवर मज्जातंतूची आणि हृत्पेशीची कहाणी एकच आहे. पुढें मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. मज्जातंतु त्याच पावलीं मागें फिरतो. हृत्पेशी फिरत नाहीं. कॅल्शियमचे कण हळूहळू आंत येत राहतात, पोटॅशियमचे बाहेर जात राहतात, आणि या ओढाताणींत ती लहर माथ्यावर पठारासारखी तुंबून राहते. मनुष्याच्या हृदयाच्या खालच्या कप्प्यांत ती २०० ते ३०० सहस्रांश सेकंद टिकते.

इतका वेळ कशासाठीं? तर लहर चालू असेपर्यंत पेशी बधिर असते; दुसरा इशारा आला तरी तिला तो ऐकूं येत नाहीं. बेडकाच्या पायाच्या स्नायूला सेकंदाला पन्नास विजेचे धक्के दिले, तर तो एकदां आंखडतो तो आंखडलेलाच राहतो. हृदय तसें आंखडून बसलें, तर रक्त पुढें जाणार नाहीं. हा बधिरकाल म्हणजे हृदयाला मिळालेली विश्रांतीची सनदच होय. या विश्रांतींतच हृदयाचे कप्पे रक्तानें भरतात. आणि ज्या रोहिण्या खुद्द हृदयाच्या मांसाचें पोषण करितात, त्यांतून डाव्या कप्प्याला मिळणारें बहुतेक रक्तहि याच वेळीं वाहतें.

आतां अडचण ध्यानांत येईल. नाडी मिनिटाला ६० असतां दोन ठोक्यांत १००० सहस्रांश सेकंदांचें अंतर असतें. लहरीचे ३०० गेले तरी ७०० विसाव्याला उरतात. पण नाडी १८० वर गेली म्हणजे हें अंतर ३३३ वर येतें. लहर पूर्वीइतकीच लांब राहिली, तर विसाव्याला ३३ उरतील, म्हणजे जवळजवळ कांहींच नाहीं. यावर तोड एकच. ठोके जवळ आले कीं लहरीनेंहि आखूड व्हावें. कसलेला तबलजी हेंच करितो. विलंबित एकतालांत दोन मात्रांच्या मधली जागा तो भरून काढतो. गवई द्रुत लयींत शिरला कीं भरणा गळतो आणि ठेक्याचे नेमके बोल तेवढे उरतात. हृत्पेशीला ही समज कोणी शिकविली नाहीं. तरी ती प्रत्येक ठोक्याला मागच्या विसाव्याचें मोजमाप करून आपली लहर बेतते.

या विषयाची सुरुवात लाइपझिग येथें झाली असें मानावयास हरकत नाहीं. हेन्री बौडिच हा बोस्टनचा तरुण वैद्य अमेरिकेच्या यादवी युद्धांत घोडदळांत लढून पुढें शरीरशास्त्राच्या अभ्यासासाठीं कार्ल लुड्विगच्या प्रयोगशाळेंत आला. बेडकाच्या हृदयाचें टोंक वेगळें केलें तर तें आपण होऊन धडधडत नाहीं, परंतु विजेचा धक्का दिला कीं आंखडतें. बौडिचनें त्याला निरनिराळ्या जोराचे आणि निरनिराळ्या अंतरांचे धक्के देऊन पाहिले, आणि १८७१ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याला दिसून आलें कीं, धक्का पुरेसा असला म्हणजे झालें. त्याचा जोर दुप्पट केल्यानें आकुंचन तिळभरहि वाढत नाहीं. पण धक्क्यांमधील अंतर बदललें, कीं आकुंचन बदलतें. बराच वेळ स्वस्थ पडलेल्या हृदयाला ठराविक अंतरानें धक्के देऊं लागतांच पहिलें आकुंचन ठेंगणें येई, दुसरें त्याहून उंच, तिसरें आणखी उंच. कागदावर उमटलेल्या रेघांचा जिनाच तयार होई. जर्मन भाषेंत जिन्याला ‘ट्रेपे’ म्हणतात, आणि शरीरशास्त्राच्या पुस्तकांत या घटनेला तेंच नांव राहिलें. हृदय हांकेच्या जोराला जुमानीत नाहीं, तिच्या लयीला मात्र जुमानतें, ही गोष्ट बौडिचच्या बेडकांनीं प्रथम सांगितली.

बौडिचला दिसलें तें आकुंचन, वीज नव्हे. हृदयांत वीज आहे हें मात्र त्यापूर्वींच ठाऊक झालें होतें. १८५६ सालीं कोलिकर आणि म्यूलर यांनीं धडधडत्या हृदयावर बेडकाच्या पायाचा मज्जातंतु ठेवला, तेव्हां प्रत्येक ठोक्याबरोबर तो तुटका पाय झटका देऊं लागला. मोजण्याचें दुसरें साधन हाताशीं नसतां बेडकाचाच पाय विद्युन्मापक म्हणून वापरण्याची ही युक्ति पुढील काळांतल्या कोट्यवधि रुपयांच्या यंत्रांपेक्षां कमी कौतुकास्पद नाहीं. १८८७ सालीं लंडनमध्यें ऑगस्टस वॉलर यानें मनुष्याच्या हृदयाच्या विजेचा आलेख शरीराच्या बाहेरून काढला. लायडन येथील आइंटहोव्हेन यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं तो स्पष्ट करून दाखविला, आणि १९२४ सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें.

या साधनांचा उपयोग लयीच्या अभ्यासाकडे ज्यानें सर्वांत धीटपणें केला, त्याचें नांव जॉर्ज राल्फ माइन्स. केंब्रिज येथें बेडकाच्या हृदयावर काम करितांना धक्क्यांची गति वाढवीत नेली, तर दोन गोष्टी एकदम घडतात असें त्याला आढळलें. तो निबंध १९१३ सालीं प्रसिद्ध झाला. पहिली गोष्ट अपेक्षेप्रमाणेंच होती: प्रत्येक ठिकाणीं लहर आखूड होते. दुसरी तितकी सुखाची नव्हती: लहरीचा प्रवासहि मंदावतो. आखूड आणि मंद लहर म्हणजे हृदयाच्या मांसांत एका वेळीं फारच थोडी जागा व्यापणारी लहर. माइन्सनें यावरून पुढचें अनुमान केलें. अशा लहरीला मांसाचें एखादें कडें सांपडलें, तर ती त्यांत गोल गोल फिरत राहील. कारण ती फेरी पुरी करून परत येईपर्यंत आरंभीची जागा पुन्हां जागी झालेली असेल. प्राण्यांच्या हृदयांतून कापून काढलेल्या कड्यांत त्यानें अशी फिरती लहर प्रत्यक्ष दाखविली. ज्या समायोजनानें हृदयाला वेग झेपतो, तेंच समायोजन लहरीला फिरावयास पुरेशी वाट मोकळी करून देतें, हा त्यांतला पेंच आहे.

सशांच्या हृदयावर त्यानें आणखी एक प्रयोग केला. ठोक्याच्या एका नेमक्या क्षणीं दिलेला एकच धक्का साऱ्या हृदयाची लय मोडून त्याला नुसतें थरथरत ठेवूं शकतो. तोच धक्का क्षणभर अगोदर किंवा नंतर दिला तर कांहीं होत नाहीं. हें काम प्रसिद्ध झालें त्याच वर्षीं, १९१४ च्या नोव्हेंबरांत, माँट्रिअलच्या मॅगिल विद्यापीठांतील आपल्या प्रयोगशाळेंत माइन्स बेशुद्ध स्थितींत आढळला. प्रयोगाचीं यंत्रें त्याच्या शरीराला जोडलेलीं होतीं. त्याच रात्रीं तो वारला. तेव्हां त्याचें वय २८ वर्षांचें होतें. तो घातक क्षण त्यानें स्वतःवर पडताळून पाहिला असावा, असा तर्क पुढें अनेकांनीं केला. तो निर्विवादपणें सिद्ध झालेला नाहीं. त्याचे निबंध मात्र शंभराहून अधिक वर्षांनंतरहि वाचले जातात.

रुग्णाच्या खाटेपाशीं हा विषय गणिताच्या रूपानें आला. आलेखावरून खालच्या कप्प्यांतील विजेचा एकंदर काल मोजतां येतो; पण नाडी वेगळी तर कालहि वेगळा. मग दोन माणसांची तुलना करावी कशी? १९२० सालीं दोघांनीं स्वतंत्रपणें याचें उत्तर दिलें. इंग्लंडांत बॅझेट यानें ३९ निरोगी पुरुषांच्या आलेखांवरून ठरविलें कीं, हा काल ठोक्यांतील अंतराच्या वर्गमूळाच्या प्रमाणांत बदलतो. डेन्मार्कांत फ्रिडेरिशिया यानें घनमूळ पसंत केलें. वर्गमूळाच्या हिशेबानें, नाडी ६० असतां ज्याचा काल ४०० सहस्रांश आहे, त्याचा काल नाडी १२० झाल्यावर सुमारें २८३ व्हावयास पाहिजे. शीघ्र नाडीला हें सूत्र अवाजवी दुरुस्ती करितें आणि मंद नाडीला अपुरी, हें पुष्कळ वेळां दाखवून दिलें गेलें आहे. तरी इस्पितळांतील यंत्रें अद्यापि बहुधा बॅझेटचाच आंकडा छापतात. संवय ही शास्त्रांतहि मोठी चिवट असते.

परंतु हीं सर्व मापें बाहेरून घेतलेलीं. भिंतीला कान लावून आंतलें संभाषण ऐकावें तशीं. पेशीच्या आंत शिरण्याचें साधन १९४९ च्या सुमारास मिळालें. कांचेची नळी तापवून ओढली, तर तिचें टोंक एक सहस्रांश मिलिमीटरहूनहि बारीक करितां येतें. तिच्यांत क्षाराचें पाणी भरलें कीं ती तारेचें काम देते, आणि पेशीला तिच्या टोंचण्याचा पत्ताहि लागत नाहीं. कोराबफ आणि वाइडमान यांनीं कुत्र्याच्या हृदयांतील तंतूंत अशी नळी खुपसून एका पेशीच्या लहरीचें खरें चित्र प्रथम मिळविलें. तेव्हांपासून लयीचा प्रश्न आलेखांतून निघून पेशीच्या आवरणाकडे आला.

त्या आवरणांत कणांच्या येण्याजाण्याचीं असंख्य सूक्ष्म दारें असतात, आणि प्रत्येक जातीचें दार आपल्या चालीनें उघडतें व मिटतें. पोटॅशियमचें एक दार फार आळशी आहे. ठोके दूर दूर असतां विसाव्याच्या काळांत तें पुरतें मिटतें. ठोके जवळ आले कीं पहिल्या वेळचें मिटण्यापूर्वींच दुसरी वेळ येते, आणि तें किलकिलें राहतें. पोटॅशियमला मग बाहेर पडावयास तयार वाट मिळते आणि लहर लौकर ओसरते. कॅल्शियमच्या दारांची गोष्ट उलट: एकदां उघडून बंद झाल्यावर तीं पुन्हां उघडण्याच्या लायकीचीं होण्यास वेळ लागतो; तो न मिळाल्यास पठाराला आधार कमी पडतो. याशिवाय वारंवार येणाऱ्या ठोक्यांमुळें पेशींत सोडियम सांचतें. तें उपसून टाकणारा एक पंप आवरणांत असतो. दर खेपेला तो सोडियमचे तीन कण बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे दोनच आंत घेतो. या एका कणाच्या फरकानें लहर आणखी आखडते. पण सोडियम सांचण्यास अवधि लागतो. म्हणून लय बदलली कीं लहर कांहींशी तत्काळ बदलते आणि उरलेला बदल कांहीं मिनिटें चालतो. जिना चढून आलेला गृहस्थ खुर्चींत बसल्यावरहि त्याच्या हृत्पेशींना जिन्याचा विसर लगेच पडत नाहीं.

बौडिचच्या जिन्याचा उलगडाहि येथेंच होतो. प्रत्येक लहरीबरोबर थोडें कॅल्शियम आंत येतें. ठोके दाटीनें आले तर तें पेशीच्या कोठारांत सांचत जातें, आणि कोठार जितकें भरलेलें, तितकें पुढचें आकुंचन जोरदार.

आतां धोक्याकडे वळावें. समजा, धक्क्यांतील अंतर २५० सहस्रांश ठेविलें आहे. लहर १५० आणि विसावा १००, असा मेळ जमला आहे. एखादे वेळीं लहर चुकून १६० झाली. विसाव्याला ९० उरले, म्हणजे दहा कमी. विसावा दहानें घटल्यावर लहर पांचनें घटत असेल, तर पुढची लहर १४५, तिच्यानंतरचा विसावा १०५, मग लहर साडेबावन्न अधिक शंभर. चूक निम्म्या निम्म्यानें विरून जाते. पण पेशी हळवी असली आणि दहाला पंधरानें घटली, तर पुढची लहर १३५, विसावा ११५, आणि त्यापुढची लहर १७२॥. येथें चूक वाढत चालली. एक ठोका लांब, एक आखूड, पुन्हां एक लांब, एक आखूड, अशी लंगडी चाल हृदयाला लागते. नोलास्को आणि डालेन यांनीं १९६८ सालीं बेडकाच्या हृदयावरून हा हिशेब आलेख काढून मांडला: विसाव्यांतील फरकापेक्षां लहरींतील फरक मोठा झाला कीं लंगडणें आलें. नाडीची अशी एकाआड एक सबळ-दुर्बळ चाल त्राउबे नांवाच्या जर्मन वैद्यानें १८७२ सालींच वर्णिली होती. दुबळ्या हृदयाचें तें वाईट चिन्ह, हें जुन्या वैद्यांना अनुभवानें ठाऊक होतें. अलीकडच्या संशोधनांत या लंगडण्याचा दोष पुष्कळदां कॅल्शियमच्या कोठाराकडे जातो. उन्हाळ्यांतली विहीर एका उपशानंतर पुरती भरण्याआधींच दुसरा उपसा झाला, तर दुसऱ्या खेपेला घागर अर्धी येते. मग तिसऱ्या खेपेपर्यंत पाणी जरा अधिक जमतें.

नुसत्या लंगडण्यानें माणूस दगावत नाहीं. हृदयाचा एक भाग लांब ठोक्यावर असतां शेजारचा भाग आखूड ठोक्यावर असला, म्हणजे पंचाईत होते. पुढची लहर एका भागांत शिरते, दुसऱ्यांत तिला दार बंद असतें. ती फुटते, वळते आणि माइन्सच्या कड्यांतल्यासारखी फिरूं लागते. खालच्या कप्प्यांत असें झालें तर हृदय थरथरतें, रक्त पुढें ढकलीत नाहीं, आणि मदत न मिळाल्यास कांहीं मिनिटांत सर्व आटोपतें. म्हणून डोळ्यांना न दिसणारें, व्होल्टच्या दशलक्षांशांत मोजावें लागणारें हें लंगडणें यंत्रानें हुडकून काढण्याचे प्रयत्न झाले. बोस्टन येथें रोझेनबाउम व त्याचे सहकारी यांनीं १९९४ सालीं दाखविलें कीं, हृदय मुद्दाम शीघ्र चालविलें असतां ज्या रुग्णांत हें आढळतें, त्यांना पुढें घातक विकार होण्याचा संभव अधिक असतो.

लयीचें हें ज्ञान औषधाच्या बाबतींत फार उशिरां उपयोगी पडलें, आणि त्याची किंमत रुग्णांनीं दिली. १९१२ सालीं एक डच व्यापारी वेंकेबाख या नामांकित वैद्याकडे अनियमित नाडीची तक्रार घेऊन आला. यावर उपाय नाहीं असें वैद्यानें सांगतांच तो म्हणाला कीं, उद्यां सकाळीं नियमित नाडी घेऊन येतों. आणि खरोखरच आला. त्यानें एक ग्रॅम कोयनेल घेतलें होतें. पुढें १९१८ सालीं वाल्टर फ्राय यानें कोयनेलाचें भावंड क्विनिडीन हें अधिक गुणकारी ठरविलें, आणि जगभर वरच्या कप्प्यांच्या थरथरीवर तें दिलें जाऊं लागलें. कांहीं रुग्णांना मात्र तें सुरू केल्यावर एकाएकीं घेरी येई. कांहीं त्यांत दगावत. १९६४ सालीं सेल्झर आणि रे यांनीं अशा घेरीच्या वेळचे आलेख तपासले, तेव्हां तिच्या मुळाशीं खालच्या कप्प्यांची थरथर निघाली. दोन वर्षांनीं देसर्तेन या फ्रेंच वैद्यानें, आलेखाच्या रेघा पिळलेल्या दोरासारख्या दिसतात असा एक घातक विकार वर्णिला. क्विनिडीनच्या घेरीचें तेंच रूप होय.

कारण पेशीच्या लयींत होतें. जॉन्सन आणि मॅकिनन यांनीं १९५७ सालींच दाखविलें होतें कीं, धक्के जितके शीघ्र, तितकें क्विनिडीन लहरीच्या चढाला अधिक मंद करितें; सोडियमचें दार जितक्या वेळां उघडेल, तितक्या वेळां औषधाला तेथें हात घालावयास सांपडतो. हा झाला गुण. परंतु तेंच औषध पोटॅशियमचें एक दारहि अडवितें आणि लहर लांबवितें. आणि हें लांबणें नेमकें उलट, मंद लयींत अधिक होतें. १९९० सालीं हाँडेगेम आणि स्नायडर्स यांनीं या उलट्या वागण्याकडे साऱ्या वैद्यकाचें लक्ष वेधलें. नाडी शीघ्र असतां, म्हणजे लहर लांबण्याची गरज असतां, औषध ती फारशी लांबवीत नाहीं; नाडी मंद झाली, म्हणजे गरज संपली, कीं तें ती बेसुमार लांबवितें. औषधाला यश येऊन नाडी शांत होते, तीच घडी धोक्याची. अशा घातक विकारांत शिरेंतून मॅग्नेशियम देतात. आणि तेवढ्यानें भागलें नाहीं तर हृदयांत तार सोडून त्याला मिनिटाला सुमारें १०० च्या गतीनें धक्के देतात. अतिशीघ्र विकारावर गति वाढविण्याचा उपाय ऐकणाऱ्याला वेडगळ वाटेल. पण ठोके जवळ आले कीं पेशींची लांबलेली लहर आखडते, आणि विकाराचा पायाच निघून जातो.

वेग अल्पकाळाचा असतां पेशी त्याच्याशीं जुळवून घेते. तो दिवसेंदिवस टिकला तर ती स्वतःच बदलते. नेदरलंड्समधील मास्ट्रिख्ट येथें विफेल्स, आलेसी आणि त्यांचे सहकारी यांनीं बकऱ्यांच्या हृदयांच्या वरच्या कप्प्यांत यंत्राच्या साह्यानें थरथर पुन्हां पुन्हां चालू ठेविली. हें काम १९९५ सालीं प्रसिद्ध झालें. आरंभीं यंत्र थांबतांच थरथर काहीं सेकंदांत आपोआप थांबे. दिवस जातील तसतशी ती अधिकाधिक टिकूं लागली, आणि सरासरी सुमारें एका आठवड्यांत अकरांपैकीं दहा बकऱ्यांत ती चोवीस तासांहून अधिक काळ चालू राहिली. पेशींचा बधिरकाल एक तृतीयांशाहून थोडा अधिक घटला होता, आणि लयीप्रमाणें लहर बेतण्याची त्यांची मूळची रीत उलटी झाली होती. थरथरीनेंच थरथरीला घर बांधून दिलें होतें. वरच्या कप्प्यांच्या थरथरीवर उपचार जितका लौकर होईल तितका बरा, असें वैद्य कां सांगतात, याचें एक कारण या बकऱ्यांनीं दाखविलें. त्यांच्या हृदयांना पुन्हां नियमित लय दिल्यावर मात्र हे सर्व बदल एका आठवड्याच्या आंत नाहींसे झाले.